तोफगोळ्याचं भोक की गॅस कटरचं? जुन्या रणगाड्यावरचा मार ओळखण्याची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली गडकोट हिंडणारी पोरं अलीकडं जुन्या रणगाड्यांकडंही वळलीत. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाची सहल निघते. शिवाय कुठल्या छावणीच्या दारात, कुठल्या शहराच्या चौकात १९६५ किंवा १९७१ च्या युद्धात जिंकून आणलेला रणगाडा चौथऱ्यावर उभा असतोच. भोक दिसलं की त्याच्याशेजारी फोटो निघतो आणि खाली ओळ पडते, 'हाच तो गोळा'. कुठला गोळा, कुठनं आला, मुळात गोळाच होता का, एवढं विचारायची सवय लागावी म्हणून हे लिहितोय.

तोफ कुठली हा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न हा की हे भोक केव्हाचं. रणगाडा लढाईत निकामी झाल्यापासून चौथऱ्यावर चढेपर्यंत त्याच्या वाट्याला बरंच काही येतं. सोडून जाताना आतल्या जवानांनीच कधी तोफ फोडलेली असते. मग रिकव्हरीवाले तारदोर लावून ओढतात. मग एखाद्या गोळ्याची परीक्षा घ्यायला त्याच्यावर मारा होतो, किंवा तो फायरिंग रेंजवर निशाण म्हणून वर्षानुवर्षं उभा राहतो. शेवटी गॅस कटर, वेल्डिंग आणि रंग. या सगळ्यांच्या खुणा एकाच पोलादावर शेजारीशेजारी असतात आणि पाटीवर मात्र फक्त लढाईचं नाव असतं.

आधी परवानगी, आणि स्वतःचा जीव

लष्करी हद्दीतल्या रणगाड्याचा फोटो काढायलाही परवानगी लागते. कॅम्प परिसरात वाढलेल्यांना हे सांगायला नको. नगरपालिकेच्या बागेतला असला तरी अर्ज करा. चौथऱ्यावर चढणं, मोजमाप घेणं आणि झाकण उघडणं या तिन्ही गोष्टी अर्जात वेगवेगळ्या लिहा, म्हणजे ऐनवेळी रखवालदाराशी वाद होत नाही.

नदीतून, गाळातून किंवा रेंजवरून नुकताच ओढून काढलेला रणगाडा असेल, तर आत जिवंत दारूगोळा आहे असंच धरून चाला. लांब राहा, ११२ ला फोन लावा. पुढचं काम लष्कराच्या बॉम्बनाशक पथकाचं. चौथऱ्यावरच्या रणगाड्यात तो धोका जवळपास नसतो, पण गांधीलमाश्यांची पोळी आणि साप असतात. भोकात बोट घालून बघायची हौस सोडा. बंद पेटीत गंज हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, त्यामुळं झाकण उघडल्या उघडल्या आत उतरू नका आणि एकटे तर कधीच उतरू नका. जुन्या मीटरच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असू शकतो. काच फुटलेली असेल तर हात लावू नका. पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि जुन्या रंगात शिसं, म्हणून घासायचं नाही, खरवडायचं नाही. तारेच्या ब्रशनं कड साफ केली की पुरावाच गेला, हे दुसरं कारण.

सोबत घ्यायचं सामान साधं आहे: व्हर्निअर कॅलिपर, मोजपट्टी, चांगला टॉर्च, छोटं लोहचुंबक, बांबूची एक सरळ कामटी, पातळ कागद आणि पेन्सिल, जाड हातमोजे. शिलालेखाचा ठसा घ्यायची सवय असलेल्यांना कागदाचा उपयोग वेगळा सांगायला नको. भोकाच्या कडेवर कागद धरून पेन्सिल फिरवली की आकार जसाच्या तसा उतरतो.

रणगाड्याआधी उद्यमबाग बघा

बेळगावच्या माणसाकडं एक सोय आहे ती पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला सहज मिळत नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, आणि घरटी कुणीतरी काका-मामा तिथं काम करतोय. रणगाडा बघायच्या आधी तिथं जाऊन चार गोष्टी डोळ्यांखालून घाला.

पहिली, ओतीव पोलादाचं अंग. वाळूच्या साच्यातनं निघालेला पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यावर पार्टिंग लाईन, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ असते, रायझर, म्हणजे जादा धातूचा खुंट कापल्याची जागा असते, ब्लोहोल, म्हणजे हवेनं पडलेले खळगे असतात. टरेट म्हणजे रणगाड्यावरचा तोफ बसवलेला फिरता बुरूज. पॅटनचा टरेट, सेंच्युरियनचा टरेट, टी-५९ चा टरेट, या रणगाड्यांचे सगळे ओतीव आहेत. टरेटवरचे बारीक खळगे बघून 'मशिनगनच्या गोळ्या लागल्या' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. फेटलिंग, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणारा कामगार एका नजरेत सांगेल की तो वाळूचा दोष आहे. ओतीव भागांवर उठावदार आकडे आणि खुणाही असतात. त्या भट्टीच्या आणि पार्ट नंबरच्या, युद्धाच्या नव्हेत.

दुसरी, गॅस कटिंगची कड. कापलेल्या भिंतीवर एकाच दिशेला झुकलेल्या समांतर रेघा दिसतात आणि खालच्या बाजूला स्लॅगचे, म्हणजे वितळून गोठलेल्या मळीचे थेंब लोंबतात. जाड प्लेट कापायच्या आधी गॅसनं जे सुरुवातीचं भोक पाडतात ते खास नीट बघा. लहान, वितळल्यासारख्या कडेचं हे भोक रणगाड्यावर सगळ्यात जास्त फसवतं. तिसरी, ड्रिलचं भोक आणि त्यावरच्या गोल रेघा. चौथी, वेल्डिंग करून बुजवलेली आणि ग्राइंडर फिरवलेली जागा.

एवढं डोळ्यांत बसलं की निम्मं काम इथंच झालं.

समोर उभा आहे तो कोण?

१९६५ मध्ये पाकिस्तानकडं अमेरिकी एम-४७ आणि एम-४८ पॅटन होते, ९० मिमी तोफेचे. दोन्हींतला फरक पटकन कळतो: एम-४८ चं खालचं अंग, म्हणजे हल, होडीच्या आकाराचं, सलग ओतलेलं असतं आणि चालक मधोमध बसतो, एम-४७ चं हल प्लेटा आणि ओतीव तुकडे वेल्ड करून बनवलेलं आणि त्याच्या टरेटची मागची बाजू लांब, निमुळती. भारताकडं ८४ मिमी तोफेचे, म्हणजे वीस पाउंडरवाले सेंच्युरियन, ७५ मिमीचे हलके एएमएक्स-१३ आणि शर्मन होते. शर्मन दोन्ही सैन्यांकडं होते, तेव्हा शर्मन दिसला म्हणजे आपलाच असं धरू नका. १९७१ मध्ये त्यात पाकिस्तानकडचे चिनी टी-५९ आणि आपल्याकडचे टी-५५ आले, दोन्ही १०० मिमीचे, आणि विजयंता आला १०५ मिमीचा. पूर्वेकडं गरीबपूरला आपल्या पीटी-७६ ची गाठ जुन्या शाफी रणगाड्यांशी पडली होती.

हे पाठ असायला हवं कारण कुणी कुणावर मारा केला असेल याची यादी त्यातनं आपोआप छोटी होते. १९६५ च्या पॅटनवर टी-५५ चं भोक शोधायला जाणारा १९६५ आणि १९७१ ची गल्लत करतोय.

असल उत्तरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण चौथऱ्यांवरचे बरेच पॅटन तिथले म्हणून दाखवले जातात. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या दिवसांत खेमकरण भागात ही लढाई झाली. आपले सेंच्युरियन आणि शर्मन उसाच्या आडोशाला दबा धरून होते आणि शेतांत पाणी सोडलेलं होतं. चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याला पाणी दिलेल्या उसाच्या रानात ट्रॅक्टर घातला तर काय होतं ते ठाऊक आहे. पॅटन सुमारे ४५ टनांचा होता. कित्येक पॅटन रुतले आणि धड अवस्थेतच हाती लागले. लढाईनंतर भिखीविंडजवळ ते ओळीनं मांडले, त्या जागेला पॅटन नगर म्हणायला लागले, आणि पुढं त्यातले रणगाडे देशभर वाटले गेले. म्हणून पॅटनवर एकही भोक नसेल तर 'हा खोटा' असं म्हणू नका. उलट, रुतलेल्या रणगाड्यावर डझनभर भोकं असतील तर मला आधी रेंजचा संशय येतो.

पहिली फेरी: हात मागं बांधून

रणगाड्याभोवती तीनदा फिरा. एकदा सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, कारण दुपारी बारा वाजता पोचे दिसत नाहीत. ऊन नसेल तर टॉर्च प्लेटला चिकटून आडवा धरा. दरवर्षी २६ जानेवारीच्या आधी जो जाड ऑइल पेंट मारतात त्याखाली निम्म्या खुणा बुजतात, आणि तिरपा प्रकाशच त्या वर काढतो. (हा रंग गंजापासून वाचवतो हे खरं, पण आधीचा न काढता थरावर थर चढवणाऱ्या कंत्राटदाराला कुणीतरी आवरा.)

मग चुंबक फिरवा. जिथं चुंबक ढिला पडतो तिथं गाडीच्या डेंटिंगला वापरतात तसली पुट्टी भरलेली आहे, म्हणजे तिथं काहीतरी होतं आणि ते झाकलंय. ती जागा वहीत टिपा. वहीत चार बाजू आणि वरून असे पाच साधे आराखडे काढून प्रत्येक खुणेला नंबर द्या, आणि हल व टरेट यांचे आराखडे वेगळे ठेवा. वेगळे का, ते पुढं येईल.

भोकं आणि पोचे, एकेक करून

अखंड पोलादी गोळा चिलखत भेदून जातो तेव्हा गोल किंवा लंबगोल, खोल, जवळपास सरळ भिंतींचं भोक पडतं. इथं नवखा हमखास चुकतो. भोकाच्या बाहेरच्या तोंडाला पोलाद फुलासारखं बाहेर वळलेलं दिसतं आणि तो म्हणतो, गोळा आतून बाहेर आला. तसं नसतं. जाड आणि चिवट चिलखतात गोळा घुसताना धातूला जायला जागा नसते, म्हणून तो आल्या वाटेनं बाहेर उसळतो आणि कड तयार होते. आत-बाहेरचा निर्णय दोन्ही बाजू बघून करायचा: गोळा शिरतो ते तोंड आवरलेलं असतं, निघतो ते रुंद, खडबडीत, टवके उडालेलं. पातळ पत्रा असेल तर मात्र पाकळ्या गोळ्याच्या दिशेनंच वळतात. म्हणून मडगार्ड आणि सामानाच्या पेट्या दिशा सांगायला चिलखतापेक्षा जास्त भरवशाच्या.

व्यास तोंडाशी मोजू नका. तोंडाचे टवके उडून ते पसरलेलं असतं. कॅलिपर घशात, म्हणजे भोकाच्या सगळ्यात अरुंद जागी लावा. तो आकडा तोफेच्या व्यासाच्या आसपास येतो, पण 'आसपास' हा शब्द विसरू नका. धातू कसा वाहिला, गोळा किती तिरपा आला, यावर काही मिलिमीटर सहज इकडंतिकडं होतात. भोकावरून ७५ आणि ७६ मिमीतला फरक सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ७६ आणि १०० मधला फरक मात्र नक्की सांगता येतो.

भोक तोफेच्या मानानं फारच लहान निघालं तर दोन शक्यता. एक, टंगस्टनच्या गाभ्याचा गोळा. सेंच्युरियनच्या एपीडीएस गोळ्याचं बाहेरचं आवरण तोफेतून निघताच गळून पडतं आणि बारीक गाभा एकटाच येऊन लागतो, त्यामुळं भोक लहान, स्वच्छ, खोल. दुसऱ्या प्रकारात गाभ्याभोवतीचं ॲल्युमिनियमचं अंग शेवटपर्यंत सोबत येतं आणि चिलखतावर आपटून चुरा होतं. अशा लहान भोकाभोवती उथळ गोल ठसा उठतो, आणि त्या ठशाचा व्यास तोफेच्या व्यासाशी जुळवून बघता येतो.

दुसरी शक्यता 'हीट' गोळ्याची, आणि आपल्याकडच्या बहुतेक गोष्टी त्याच्याच असतात. या गोळ्यात दारूच्या पुढं तांब्याचा पोकळ शंकू असतो. स्फोट झाला की त्या शंकूची बारीक, अतिवेगवान धार बनते आणि ती चिलखतातून आरपार जाते. १० सप्टेंबर १९६५ ला चीमा गावाजवळ परमवीर अब्दुल हमीद जीपवरच्या ज्या आरसीएल, म्हणजे मागं धक्का न देणाऱ्या तोफेनं लढले ती १०६ मिमीची. या तोफेचं नाव १०६ असलं तरी नळीचं खरं माप १०५ आहे; जुन्या १०५ च्या गोळ्यांशी गल्लत होऊ नये म्हणून नाव बदललं. पण भोक ना १०५ चं पडतं ना १०६ चं. बाहेर उथळ खळगा, मधे त्याहून कितीतरी अरुंद भोक, आतली भिंत गुळगुळीत, झिलई आल्यासारखी, आणि भोवती कवचाच्या तुकड्यांनी उठवलेल्या बारीक खळग्यांची प्रभावळ. नशीब असेल आणि कुणी घासलं नसेल, तर भिंतीवर तांबूस झाक सापडते.

हीच ती जागा जिथं गॅसचं सुरुवातीचं भोक फसवतं. तिथं प्रभावळ नसते, तांबं नसतं, पण स्लॅग असतो. उद्यमबागेत नीट पाहिलं असेल तर दोन मिनिटांत निकाल लागतो.

आरसीएलचा आणखी एक पुरावा सहसा कुणी शोधत नाही. या तोफेच्या नळीवर नेम धरायला १२.७ मिमीची एक रायफल बसवलेली असते. आधी तिची गोळी झाडायची, ती लागल्या जागी धुराचा झुबका उठतो, नेम जुळला की मोठा गोळा सोडायचा. म्हणून हीटच्या भोकाच्या आसपास एखाद-दुसरा लहान गोल पोचा मिळाला तर तो जरूर टिपा. एकटा पोचा काही सिद्ध करत नाही. पण दोन्ही एकाच दिशेनं आलेले असतील तर वजन वाढतं.

हेश गोळ्याची खूण बाहेरून जवळपास दिसतच नाही. त्यातली दारू चिलखतावर चपटी पसरून मग फुटते. बाहेर उथळ, पसरट पोचा, भोक नाही. आतल्या बाजूनं मात्र गोळ्याच्या व्यासापेक्षा मोठी तबकडी उडालेली असते. ती तबकडीच आतल्या माणसांचा घात करते. 'बाहेरून काहीच नाही' असा रणगाडा आत उतरायला परवानगी मिळाली तर पुन्हा बघा, तो यासाठी.

गोळा फार तिरपा लागला की भेदत नाही, घसरतो. चमच्यानं कोरल्यासारखी लांबट खाच पडते: सुरुवात उथळ, मग खोल, आणि गोळा ज्या टोकाला निसटला तिथं धातूची उंच कड. ती कड गोळा गेला ती दिशा दाखवते. टरेटच्या खालच्या गोलाईवरून घसरलेला गोळा कधीकधी खाली हलच्या छतात घुसतो. तेव्हा वरची खाच आणि खालचं भोक दोन वेगळे मार म्हणून मोजू नका.

बाकीचं भराभर. रायफल आणि मशिनगनच्या गोळ्या चिलखतावर ताटलीसारखे उथळ खळगे पाडतात, पेरिस्कोपच्या काचा आणि दिवे फोडतात. तोफखान्याचा गोळा जवळ फुटला की वेड्यावाकड्या आकाराचे खळगे सगळीकडं विखुरतात, मडगार्ड फाटतात, चिलखताला विशेष काही होत नाही. सुरुंगाचा मार खालून असतो: तळाचा पत्रा वर फुगलेला, रोड व्हील, म्हणजे ट्रॅकवरून फिरणारं चाक उडालेलं, त्याची दांडी वाकलेली, तिथलंच ट्रॅक, म्हणजे साखळीपट्टा तुटलेला. चौथऱ्यावर ट्रॅक नवं जोडून दिलेलं असतं, त्यामुळं एखादं चाक बाकीच्या चाकांपेक्षा वेगळं दिसलं तर वाकून तळ बघा.

विमानाचा मार वरून येतो, म्हणून शिडी लावून इंजिनावरचं झाकण आणि टरेटचं छत बघावं लागतं. ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी लोंगेवालाच्या वाळूत टी-५९ टिपले. हंटरला ३० मिमीच्या चार तोफा होत्या. अशा माऱ्याच्या खुणा एका ओळीत, लांबट, एकाच कोनात झुकलेल्या असतात. त्याच लढाईत पायदळाच्या आरसीएल तोफाही होत्या. तेव्हा लोंगेवालाचा म्हणून दाखवलेला रणगाडा असेल तर वरून आणि बाजूनं, दोन्हीकडून तपासा.

जळाला होता का?

आगीच्या खुणा रंगाखालीही लपत नाहीत. रोड व्हीलवरचं रबर पूर्ण गेलेलं असतं. पॅटन आणि टी-५९ मध्ये चाकांचा भार टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी) पेलतो. आगीत त्याचं टेम्पर, म्हणजे पोलादाचा ताठपणा उतरला की रणगाडा पोटावर बसल्यासारखा दबतो. टेम्पर उतरणं म्हणजे काय हे हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला विचारा, तो पुस्तकापेक्षा चांगलं सांगेल. एम-४७ आणि सुरुवातीचे एम-४८ पेट्रोलवर चालायचे, सेंच्युरियनसुद्धा, टी-५९ डिझेलवर. आतला दारूगोळा पेटला असेल तर टरेट उचकटलेला असतो किंवा हलच्या वेल्डिंगच्या रेषा आतून फाटलेल्या असतात. टरेट क्रेननं परत बसवून दिलेला असला तर तो किंचित तिरका बसलेला दिसतो.

आधी कुठलं, नंतर कुठलं

नव्या भोकापासून निघालेली चीर जुन्या भोकाशी किंवा जुन्या चिरेशी येऊन थांबते; पार जात नाही. ओतीव चिलखतावर हे छान दिसतं. भोकाच्या भिंतीवर मूळ रंगाचा थर असणं शक्यच नसतं, कारण रंग आधी आणि भोक नंतर. पण नंतरच्या रंगांचे थर असतात, ते पोपडा निघालेल्या जागी मोजता येतात. एका भोकात पाच थर आणि शेजारच्यात दोनच असतील तर दुसरं अलीकडचं. जळून तांबूस गंजलेल्या पृष्ठभागावर नंतर लागलेल्या माराची कड वेगळी, ताज्या धातूची दिसते. असा मार जळाल्यानंतरचा, म्हणजे बहुधा रेंजवरचा.

रेंजवरच्या रणगाड्याची ओळख सोपी आहे. सगळे मार एकाच बाजूला, एकमेकांच्या जवळ, वेगवेगळ्या मापांचे. लढाईत निकामी झालेल्या रणगाड्यावर कुणी इतक्या निवांतपणे एकाच जागी गोळे घालत बसत नाही. अहिल्यानगरजवळच्या केके रेंजसारख्या ठिकाणी रणगाड्यांचा सराव चालतो, आणि जुने रणगाडे निशाण म्हणून कामी येतात, यात गैर काही नाही. फक्त पाटीवर ते लिहिलं पाहिजे.

तोफेच्या नळीला आडवं पाडलेलं गोल भोक, ब्रीचवर, म्हणजे गोळा भरायच्या मागच्या तोंडावर केलेलं वेल्डिंग, झाकणांचे टाके ही सगळी तोफ कायमची बंद करण्याची कामं. नळीचं तोंड केळीच्या सालीसारखं फाटलेलं असेल तर मात्र थांबा: आत स्फोटक ठेवून मुद्दाम फोडलेली असू शकते किंवा नळीत गोळा फुटलेला असू शकतो. पुढच्या हुकांवरचे खोल घासटे आणि तळावरचे लांब ओरखडे ओढून आणतानाचे.

गोळा कुठनं आला

लंबगोल भोकाची लहान बाजू भागिले मोठी बाजू करा. उत्तर ०.७ च्या जवळ आलं तर गोळा सुमारे ४५ अंश तिरपा आला, ०.५ आलं तर सुमारे ६० अंश. (प्लेटवर काटकोनात येणारा गोळा म्हणजे शून्य अंश.) पोलादी गोळा शिरताना थोडा वळतो, म्हणून हे अंदाजाचं गणित आहे. मग बांबूची कामटी भोकात हलकेच सरकवून तिची दिशा बघा आणि आराखड्यावर रेघ मारा. लोखंडी सळई नको, ती भिंत खरवडते.

आता ते वेगळ्या आराखड्यांचं. टरेट फिरतो. आज तो समोर तोंड करून बसवलाय म्हणजे लढाईत तसाच होता असं नाही. म्हणून टरेटवरच्या भोकाची रेघ फक्त टरेटच्या संदर्भात खरी; शत्रू उजवीकडं होता की डावीकडं हे हलवरची भोकंच सांगू शकतात. आणि हलची बाजू पुढच्या भागापेक्षा बरीच पातळ असते, म्हणून दबा धरून बसलेला नेमबाज बाजूच निवडतो. असल उत्तरला तेच झालं. पॅटनच्या पुढच्या तोंडावर मधोमध, समोरून आलेलं भोक दाखवून कुणी दबा धरल्याची गोष्ट सांगत असेल, तर त्याला नम्रपणे एक प्रश्न विचारायला हरकत नाही.

गावातल्या माणसांना विचारा, पण नीट

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, आणि माजी सैनिक जवळजवळ गावोगाव. ही पायदळाची पलटण, म्हणून रणगाड्याच्या आतलं त्यांना फार ठाऊक नसेल. पण आरसीएल, सुरुंग, रॉकेट लाँचर हे मारणाऱ्या बाजूनं हाताळलेले लोक भेटतील. ईएमई, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलामधनं निवृत्त झालेला कुणी मिळाला तर सोनंच, कारण रणगाडे ओढून आणणारे तेच. "सुभेदार काका, हे कुणी मारलं असेल?" असं विचारलं की काका तुमचं मन राखायला काहीतरी सांगतील. त्यापेक्षा "काका, तुमच्या वेळी आरसीएलला कुठले गोळे यायचे? जवळून मारलेलं भोक तुम्ही बघितलंय का?" असं विचारा. फोटो आधी दाखवू नका. आधी ऐका, मग दाखवा.

वहीत काय लिहायचं

बघितलेलं आणि वाटलेलं वेगवेगळ्या रकान्यांत. समजा एखाद्या पॅटनवर तुम्हाला असं काही सापडलं, तर नोंद अशी होईल:

'खूण ३. हल, उजवी बाजू, दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाच्या मधे वर. तोंड ११० बाय ९५ मिमी, घसा ८८ मिमी. बाहेरची कड वळलेली, आतून टवका उडालेला. गुणोत्तर ०.८६, म्हणजे सुमारे ३० अंश, उजवीकडून थोडं पुढून. भोवती बारीक खळगे नाहीत, तांबं नाही, स्लॅग नाही. रंगाचे थर चार, शेजारच्या खूण ४ मध्येही चार. चीर खूण ४ पासून निघून इथं थांबते.

मत: अखंड पोलादी गोळा, ८४ मिमी शक्य, ९० नाकारता येत नाही. खूण ४ याच्यानंतरची. लढाईतलं की रेंजवरचं: उजव्या बाजूला दोनच मार, म्हणून लढाईतलं असण्याकडं कल. आतून तपासणी बाकी.'

नोंदीवर तारीख, उजेड कसा होता आणि कुणी मोजलं ते लिहा. एक प्रत रणगाडा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना द्या, पुढच्या रंगकामाच्या आधी.